चिंचोळा देश टोगो (लेखांक ६) : दापाँगची बाजरी

कुतामाकूच्या बुरूजवजा मातीच्या घरांत या आठवड्यात शिरायचं होतं. ते पुढच्या खेपेला. उंब्रजच्या एका शेतकरी वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यांनी माझ्या फार आवडीच्या विषयाला हात घातलाय. ते विचारतात, टोगोच्या उत्तरेला बाजरी पिकते म्हणालात, मग ती माणसं भाकरी करतात का? आणि ती बाजरी आपलीच का?

भाकरी नाही करत. उकळत्या पाण्यात पीठ वैरायचं, लाकडी दांड्याने घोटत घोटत घट्ट गोळा करायचा आणि भेंडीच्या किंवा गोरखचिंचेच्या पाल्याच्या बुळबुळीत कालवणात बुडवून खायचा. तवा नाही, थापणं नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र उलट द्यायला हवं : आपली बाजरी त्यांची आहे. बाजरी माणसाळली ती पश्चिम आफ्रिकेत. मालीतल्या तिलेम्सी खोऱ्यात साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या खापरांमध्ये तिच्या खुणा सापडल्या आहेत. पण इतकं मागे जायलाच नको.

उत्तर टोगोतल्या दापाँगच्या आसपास मोबा लोकांची वस्ती आहे. किनाऱ्यावरच्या लोमेकडे वर्षात दोनदा पावसाळा. इथे एकदाच, साधारण मे ते ऑक्टोबर. पेरण्या झाल्या की कणग्यांचा तळ दिसू लागतो आणि नवं पीक अजून शेतात असतं. या उपासाच्या दिवसांत सर्वांत आधी हाती येते ती ‘इनियादी’ बाजरी. कणीस आखूड आणि जाड, दाणा टपोरा. टोगो, घाना, बेनिन आणि बुर्किना फासो जिथे एकमेकांना भिडतात, तो तिचा मुलूख. लवकर पिकणारं, टपोरं बियाणं पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलं ते तिथल्या शेतकऱ्यांनी, कुठल्या प्रयोगशाळेने नव्हे.

आपल्याकडे १९६५ साली ‘एचबी १’ हा पहिला संकरित वाण आला. पाठोपाठ आलेल्या वाणांची मादीही तीच होती, त्यामुळे गोसावी रोगाला एक बळी पडला की सगळेच पडणार. सत्तरच्या दशकात तेच झालं. कणसांच्या जागी नुसता पाल्याचा झुबका. अशा वेळी हैदराबादजवळच्या पटणचेरूतल्या इक्रिसॅट संस्थेने उत्तर टोगोतल्या इनियादी बियाण्यातून निवड करून ‘आयसीटीपी ८२०३’ हा वाण तयार केला. गोसावीला दाद न देणारा, पंचाहत्तर-ऐंशी दिवसांत हाती येणारा. १९८८ मध्ये तो महाराष्ट्रासाठी प्रसारित झाला. पुढे त्यातूनच जास्त लोहाची निवड करून २०१२ साली ‘धनशक्ती’ आली. तिच्यात किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह असतं. माण, खटाव किंवा जतमध्ये धनशक्ती पेरणारा शेतकरी टोगोच्याच बियाण्याचा वंश पेरतो. मला या गोष्टीचं अजूनही नवल वाटतं.

पत्रात आणखी एक विचारणा आहे : या बाजरीचं घरचं बी धरता येईल का? येईल. धनशक्ती संकरित नाही. मात्र बाजरीचे परागकण वाऱ्यावर दूर जातात, तेव्हा शेजारच्या रानात दुसरा वाण असेल तर तो बांध सोडून, रानाच्या मधल्या भागातली कणसं निवडावीत. एकाच कणसाचं बी धरू नये. निरोगी, भरलेली पुष्कळ कणसं घेऊन दाणे एकत्र करावेत.