पडद्यावरचे अद्भुत आणि वाचकाची फिर्याद

८ मार्च १९३९ रोजी स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात जे. आर. आर. टोल्किन यांनी परीकथांविषयी जे व्याख्यान दिले आणि जे पुढे १९४७ मध्ये विस्तृत निबंधाच्या रूपाने छापले गेले, त्यात अद्भुतकथेच्या स्वरूपाविषयी अनेक मूलगामी विचार आहेत. परंतु चित्रपटाच्या युगात वाढलेल्या वाचकाला त्यांतला एकच विचार थांबवून ठेवतो, आणि तो असा की नाट्य व अद्भुत यांचे मूलतः सख्य नाही. शब्दांनी सूचित केलेले जग वाचक स्वतःच्या अंतःकरणात साकार करतो आणि स्वतःच घडविलेले असल्यामुळे त्यावर निःशंक विश्वास ठेवतो. रंगमंचावर मात्र पशूचे सोंग घेतलेला नट हा सोंग घेतलेला नटच राहतो, आणि ते सोंग कितीही बेमालूम वठले तरी प्रेक्षकाच्या मनात कौतुकापलीकडचे काही उपजत नाही, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि अद्भुतकथेच्या पडद्यावरील वाटचालीला एक नवे, रंगीत पर्व लाभले.

त्या चित्रपटाची मोहिनी आजही ओसरलेली नाही. मात्र फ्रँक बॉम यांची १९०० सालची मूळ कथा आधी वाचलेल्या माणसाला तो पाहताना एक सल जाणवल्यावाचून राहत नाही. डोरोथीचे रुपेरी जोडे टेक्निकलरच्या हौसेखातर माणकांचे केले, याबद्दल कोणी हट्टाने भांडणार नाही, कारण तांबड्या रंगाने पडदा खरोखरच उजळतो. खरी फिर्याद निराळी आहे. बॉम यांच्या कथेत ऑझ हा देश खरोखर अस्तित्वात आहे. चित्रपटात मात्र तो डोक्याला मार लागून बेशुद्ध पडलेल्या मुलीला दिसलेले स्वप्न ठरतो. सारे वैभव दाखवून झाल्यावर शेवटच्या पाच मिनिटांत चित्रकर्त्यांचा धीर सुटतो आणि ते प्रेक्षकाला सांगून मोकळे होतात की यातले काही खरे मानू नका.

अद्भुतकथेची आयुष्यभर संगत केलेल्या माणसाने तिची चित्ररूपे पाहताना कोणती कसोटी लावावी, याचे उत्तर मला या उदाहरणात सापडते. वगळलेल्या प्रसंगांची यादी करणे सोपे असते, आणि आम्हां चाहत्यांना तो मोह फार. पण आठशे-हजार पानांचा ऐवज तीन तासांत बसवायचा तर काटछाट अटळ आहे, हे शहाण्या वाचकाने प्रारंभीच कबूल करावे. प्रश्न एवढाच, की ज्या जगाची कथा सांगायला घेतली त्या जगावर रूपांतरकाराचा स्वतःचा विश्वास आहे काय? जेथे तो असतो तेथे मोठे फेरफारही खपून जातात. जेथे नसतो तेथे शब्दशः केलेली नक्कलही निर्जीव वाटते.

अविश्वासाचे दाखले अनेक आहेत. मिखाएल एंडे या जर्मन लेखकाच्या १९७९ च्या ‘द नेव्हरएंडिंग स्टोरी’चा केवळ पूर्वार्ध घेऊन वोल्फगांग पेटरसन यांनी १९८४ मध्ये चित्रपट केला, आणि तो पाहून एंडे इतके व्यथित झाले की त्यांनी श्रेयनामावलीतून आपले नाव वगळण्याचा आग्रह धरला. अर्सुला ले ग्विन यांनी ‘अर्थसी’च्या द्वीपसमूहातील बहुतेक माणसे, नायक गेडसह, जाणीवपूर्वक सावळ्या वा ताम्रवर्णाची कल्पिली होती; २००४ च्या दूरचित्रवाणी-मालिकेत गेड गोरा झाला, आणि लेखिकेला जाहीरपणे लेखणी उचलून त्याचा निषेध करावा लागला. माझ्या मते हा त्या जगाच्या भूगोलावरच घातलेला घाला होता.

परंतु या विषयाचा खरा गाभा टोल्किन यांचा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हाच आहे. १९५४-५५ मध्ये तीन खंडांत निघालेल्या या एकसंध कादंबरीच्या चित्रीकरणाची पहिली गंभीर तजवीज अमेरिकेतून आली, आणि तिचा मसुदा वाचून १९५८ मध्ये टोल्किन यांनी प्रसंगाप्रसंगावर ताशेरे ओढणारे प्रदीर्घ पत्र लिहिले. गरुडांचा वाटेल तेव्हा वाहनासारखा उपयोग, शांत भयाच्या जागी आरडाओरड आणि तलवारबाजी, काळाच्या संथ गतीचा नाश, असे आक्षेप त्यात आहेत. मला त्यातला एक मुद्दा विशेष अर्थपूर्ण वाटतो: एन्ट या वृक्षरूपी प्राचीन जीवांची हकिकत आणि हॉर्नबर्गच्या किल्ल्यावरील लढाई या दोहोंना पुरेसा अवकाश देता येत नसेल, तर लढाई गाळावी, कारण मुख्य कथेच्या दृष्टीने ती आनुषंगिक आहे, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. कादंबरीत ती लढाई एका प्रकरणात आटोपते. पीटर जॅक्सन यांच्या २००२ च्या दुसऱ्या चित्रपटात मात्र तीच लढाई कळसाध्याय होऊन बसली.

चित्रपटाचे हक्क १९६९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीकडे गेले आणि पुढे सॉल झेन्ट्झ यांच्याकडे आले. राल्फ बाक्षी यांनी १९७८ मध्ये जिवंत नटांच्या चित्रणावरून रेखाटन करण्याच्या पद्धतीने जो चलच्चित्रपट काढला तो कथेच्या मध्यावरच थांबला. त्याचा उत्तरार्ध कधीच निघाला नाही.

मग न्यूझीलंडचे जॅक्सन आले. फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बॉयन्स यांच्या साहाय्याने त्यांनी पटकथा सिद्ध केली, तिन्ही चित्रपटांचे मुख्य चित्रण ऑक्टोबर १९९९ ते डिसेंबर २००० या काळात एकत्रच उरकले, आणि अॅलन ली व जॉन हाऊ या दोघांना, ज्यांच्या चित्रांतून टोल्किन-वाचकांच्या एका पिढीने ते जग डोळ्यांपुढे आणले होते, त्यांनाच कल्पनाचित्रकार म्हणून पाचारण केले. माटामाटाजवळच्या एका शेतावर हॉबिटन हे कादंबरीतले गाव वसविले, तेव्हा चित्रणाच्या सुमारे वर्षभर आधीच तेथे बागा आणि भाज्या लावून ठेवल्या, जेणेकरून ते गाव काल-परवा उभारल्यासारखे न दिसता पिढ्यान्‌पिढ्या नांदते दिसावे. सैनिकांच्या जाळीदार चिलखतांसाठी प्लास्टिकच्या नळ्यांच्या लक्षावधी कड्या हातांनी एकमेकींत गुंफल्या. रोहानचा राजा थेओडेन याच्या चिलखताच्या आतल्या बाजूसही चामड्यावर नक्षी उठविली होती, जी कॅमेऱ्याला कधीही दिसणार नव्हती; ती दिसत होती फक्त ते चिलखत चढविणाऱ्या नटाला. हॉर्नबर्गच्या लढाईत राक्षसी सैन्याचा घोष हवा होता, तेव्हा वेलिंग्टनच्या मैदानावर क्रिकेटचा सामना पाहायला जमलेल्या हजारो प्रेक्षकांकडून, स्वतः जॅक्सन यांनी मैदानात उतरून, टोल्किननिर्मित काळ्या भाषेतील आरोळ्या म्हणवून घेतल्या आणि त्या ध्वनिमुद्रित केल्या. सोंग हे सोंगच राहते या १९३९ च्या आक्षेपाला याहून प्रामाणिक उत्तर मला ठाऊक नाही, कारण येथे सोंग घेणाऱ्यांनाच ते जग खरे वाटावे अशी व्यवस्था केलेली होती.

विश्वास असला म्हणजे मूळ ग्रंथापासून दूर जाऊनही त्याच्या अधिक जवळ कसे पोहोचता येते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे २००३ च्या तिसऱ्या चित्रपटातील इशाऱ्याच्या अग्निकुंडांचा प्रसंग. कादंबरीत पिपिन हा हॉबिट जादूगार गॅन्डाल्फच्या घोड्यावर बसून रात्रीच्या अंधारात गोंडोरची राजधानी मिनास तिरिथकडे जात असता वाटेत एकामागून एक पेटलेली कुंडे त्याला दिसतात, आणि गॅन्डाल्फ त्यांची नावे सांगतो. रोहानच्या राजाला मदतीची हाक पोहोचते ती दूताने आणलेल्या तांबड्या बाणाच्या रूपाने. चित्रपटाने तो बाण गाळला, पिपिनला पहिल्या कुंडापर्यंत चोरून चढविले, आणि त्याने लावलेली ज्योत हिमाच्छादित शिखराशिखरावरून, ढगांच्या वरून, दिवस आणि रात्र ओलांडून जाताना दाखविली. हॉवर्ड शोअर यांचे संगीत सोडले तर तेथे जवळजवळ शब्द नाही. शेवटचे कुंड पेटताच अॅरागॉर्न धावत राजसभेत येतो, वार्ता देतो, आणि पूर्वी आपल्या संकटात गोंडोरकडून मदत न मिळाल्याचा रोष मनात धरून असलेला थेओडेन काही क्षण काहीच बोलत नाही. ती स्तब्धता आणि तिच्यानंतरचा त्याचा होकार हे ग्रंथातले नाही, तरी ग्रंथातल्या थेओडेनचेच आहे. दोन राज्यांमधले अंतर, मधले निर्मनुष्य पर्वत आणि त्या उंचीवर वर्षानुवर्षे पहारा करणाऱ्या अनाम माणसांची निष्ठा, हे सारे अवघ्या काही मिनिटांत डोळ्यांना प्रत्यक्ष होते.

असे असूनही माझी एक गंभीर फिर्याद आहे, आणि ती या चित्रत्रयीवरील प्रेमातूनच उपजली आहे. पटकथाकारांचा या जगातील पर्वतांवर विश्वास होता, दुष्टतेवर होता, मैत्रीवरही होता; अविचल चांगुलपणावर मात्र नव्हता. कादंबरीतला फॅरामिर, ज्याचा भाऊ बोरोमिर सर्वांना मोहात पाडणाऱ्या दुष्ट मुद्रिकेच्या लोभाने क्षणभर भ्रष्ट झाला होता, ती मुद्रिका आपल्या हाताच्या अंतरावर आहे हे कळल्यावरही तिचा स्वीकार करीत नाही आणि ती नष्ट करण्यास निघालेल्या हॉबिट फ्रोडोला आदराने पुढे जाऊ देतो. चित्रपटातला फॅरामिर त्याला कैद करून ऑस्गिलियाथपर्यंत नेतो आणि मगच शुद्धीवर येतो. मुद्रिकेची शक्ती इतकी वर्णिल्यावर कोणी ती सहज नाकारली तर तिचा प्रभावच फिका पडेल, अशी पटकथाकारांची भूमिका होती. याच न्यायाने अॅरागॉर्न आपल्या राजवारशाला कचरणारा झाला, एन्टांनी प्रथम युद्धास नकार दिला, आणि मुद्रिकेने पछाडलेल्या गॉलमच्या कपटाला बळी पडून फ्रोडोने सॅमला, ज्याच्यावाचून त्याचे पाऊल पुढे पडणार नव्हते त्या सॅमला, घरी परत जाण्याचा हुकूम सोडला. जणू डळमळल्याशिवाय मनुष्य मनुष्यच ठरत नाही!

ज्या देशात दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये पूर्ण लांबीच्या चित्रपटाचा आरंभच ‘राजा हरिश्चंद्र’ने केला, तेथील प्रेक्षकाला ही समजूत मान्य होणे कठीण आहे. हरिश्चंद्राच्या सत्यनिष्ठेत संदेह नसतो म्हणून त्याची कथा रंगत नाही, असे कोणी म्हटलेले ऐकिवात नाही. राज्य, पत्नी, पुत्र यांच्या रूपाने त्या निष्ठेचे जे मोल त्याला मोजावे लागते, त्यात तिचे सारे नाट्य आहे. फॅरामिरलाही मोल चुकवावे लागलेच असते. राजाज्ञेविरुद्ध परक्यांना सोडून दिल्याबद्दल पित्याच्या दृष्टीने तो अपराधी ठरतो, आणि थोरल्या मुलाच्या शोकाने कठोर झालेला तो पिता त्याला उघड मरणाच्या दारात धाडतो. ही सामग्री ग्रंथात तयारच होती.

करुणेच्या सूत्राचे चित्रपटाने काय केले, हे पाहिले म्हणजे लाभ आणि हानी किती गुंतलेली आहेत ते कळते. फ्रोडोचा आप्त बिल्बो याने संधी असूनही गॉलमला ठार मारले नाही, ही करुणाच पुढे बहुतांचे भवितव्य ठरवील, हे गॅन्डाल्फचे भाकीत कादंबरीत प्रारंभीच, शायरमधल्या घरात, वसंतातल्या एका सकाळी फ्रोडोच्या कानी पडते. चित्रपटाने तो संवाद मोरियाच्या काळोख्या खाणीत नेला, जेथे वाट चुकलेली मंडळी खोळंबली आहेत आणि खाली अंधारात खुद्द गॉलम त्यांच्या मागावर सरपटत आहे. ज्याला मारावे की सोडावे याची चर्चा चालली आहे तो जीव समोर दिसत असल्यामुळे त्या शब्दांना येथे मुळाहूनही अधिक धार आली आहे, असे मी निःसंकोच म्हणेन. मात्र तेच सूत्र अग्निपर्वताच्या कड्यावर पोहोचते तेव्हा हातातून निसटते. ग्रंथात फ्रोडो अखेरच्या क्षणी हरतो, मुद्रिका आपली म्हणतो, गॉलम ती त्याच्या बोटासकट तोडून घेतो आणि आनंदाने नाचता नाचता स्वतःच तोल जाऊन अग्नीत पडतो. त्याला पूर्वी जिवंत सोडले गेले म्हणूनच जग वाचते. चित्रपटात फ्रोडो उठून त्याच्यावर झेप घेतो आणि झटापटीत दोघेही कड्यावरून कोसळतात. त्याआधी चित्रित केलेल्या एका आवृत्तीत तर फ्रोडो त्याला सरळ ढकलतो; ती टाकून दिली हे बरे झाले, पण नायकाने काहीतरी केलेच पाहिजे हा आग्रह झटापटीतही शिल्लक राहिला.

टोल्किन यांचे पुत्र क्रिस्टोफर, ज्यांनी पित्याच्या हस्तलिखितांच्या संपादनात आपली हयात घालविली, त्यांनी २०१२ मध्ये एका फ्रेंच वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत या चित्रपटांवर कडक टीका केली आणि तरुणांसाठी काढलेले मारामारीचे चित्रपट अशी त्यांची संभावना केली. त्यांच्या दुःखाचा मी आदर करतो, पण हा निवाडा मला संपूर्ण मान्य नाही. तिसऱ्या चित्रपटाला अकरा ऑस्कर मिळाली म्हणून नव्हे, तर ते चिलखत, त्या बागा आणि ती कुंडे मी पाहिली आहेत म्हणून. त्यांची टीका ज्यांना अधिक शोभते ते चित्रपट त्याच वर्षाच्या अखेरीस येऊ लागले: ‘द हॉबिट’ या एका आटोपशीर बालकथेचे २०१२ ते २०१४ या काळात तीन लांबलचक भाग झाले, आणि तेथे पाठलागांच्या गलबल्यात बिल्बोच दिसेनासा होतो.

राहता राहिले शायरचे शुद्धीकरण. कादंबरीत युद्ध जिंकून परतलेल्या चौघा हॉबिटांना आपलेच गाव गुंडांच्या अमलाखाली, झाडे तोडलेले आणि नियमांच्या फलकांनी भरलेले आढळते, आणि ते त्यांना स्वतःच्या बळावर सोडवावे लागते. जॅक्सन यांच्या चित्रपटात गाव जसेच्या तसे आहे. तेथील मद्यगृहात बसलेल्या चौघांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, आणि हा प्रसंग आपल्या परीने हृदयस्पर्शी आहे. तरीही गाळलेले प्रकरण मला फार मोठे वाटते, कारण दूरच्या सत्तेशी लढून आलेल्यांना घरचा अन्याय ओळखता येतो की नाही, याची परीक्षा तेथे आहे. ते प्रकरण ज्यांना सादर झालेले अनुभवायचे असेल त्यांनी ब्रायन सिब्ली आणि मायकेल बेकवेल यांनी बीबीसी नभोवाणीसाठी केलेले १९८१ चे रूपांतर ऐकावे. त्यात ते आहे, आणि फ्रोडोच्या भूमिकेत इयान होम आहेत, ज्यांना वीस वर्षांनी जॅक्सन यांनी बिल्बो म्हणून निवडले.