किलीफिश : पाकिटातून येणारा मासा

हा या भागाचा लिखित मजकूर. लोकलमध्ये, बसमध्ये ऐकताना आकडे निसटतात, म्हणून बरेच जण मागतात. बोलताना जिथे अडखळलो ती वाक्यं सरळ केलीत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय किलीफिश. नाव ऐकलं की पहिला प्रश्न ठरलेला, हा बाकीच्या माशांना मारतो का? तर नाही. इंग्रजी 'किल'शी याचं नातं नाही. डच भाषेत ओढ्याला, पाण्याच्या चिंचोळ्या वाटेला 'किल' म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. ओढ्यातला मासा, इतकंच.

आणि हा काही फक्त परदेशी प्रकार नाही. कोकणात, गोव्यात, केरळात ओढ्याच्या संथ पाण्यात वरच्या थरात एक बोटभर मासा स्थिर उभा असतो, चपटं डोकं, वर वळलेलं तोंड, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी. तो ॲप्लोकायलस लिनिएटस. पाण्यावर पडलेले किडे आणि डासांच्या अळ्या खातो. तो आपला घरचा किली. लहानपणी ओढ्यात पाय सोडून बसलेल्यांनी तो नक्की पाहिलेला असणार, फक्त नाव माहीत नसतं.

पण मला वेड लावलं ते आफ्रिकेतल्या नोथोब्रँकियस जातीच्या माशांनी. टांझानिया, मोझांबिक, झिंबाब्वे या भागांत पावसाळ्यात गवताळ रानात डबकी भरतात आणि काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत, आटतात. नदीशी संबंध नाही. पाणी आटलं की मासे मरतात, सगळेच्या सगळे. चिखल वाळून भेगाळतो, त्यावरून गुरं चालतात. पुढच्या पावसात तेच डबकं भरतं आणि त्यात पुन्हा मासे असतात. कुठून आले? चिखलातल्या अंड्यांतून.

ही अंडी साधी नाहीत. आतला गर्भ वाढता वाढता थांबू शकतो, आणि एकदा नव्हे, तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर. याला डायपॉज म्हणतात. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत, प्रोसेस 'किल' होत नाही, 'स्लीप'मध्ये जाते. गंमत म्हणजे एकाच मादीची, एकाच दिवशी घातलेली अंडीसुद्धा एकत्र जागी होत नाहीत. काही पहिल्या पावसाला फुटतात, काही मुद्दाम मागे राहतात. समजा पहिला पाऊस फसवा निघाला, आठ दिवसांत डबकं आटलं, तर मागे राहिलेली अंडी कुळ वाचवतात. मृगाच्या पहिल्या सरीवर सगळं बियाणं पेरून न टाकणारा शेतकरी जसा.

याच कुळातला नोथोब्रँकियस फर्झेराय तर प्रयोगशाळेतला स्टार आहे. १९६८ मध्ये झिंबाब्वेच्या गोनारेझू राष्ट्रीय उद्यानातल्या डबक्यांतून तो पहिल्यांदा गोळा केला गेला आणि १९७१ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. त्या मूळ डबक्यातल्या वंशाचे मासे काही महिन्यांतच म्हातारे होतात, रंग उडतो, पाठ वाकते. म्हातारपण लवकर येतं, म्हणून म्हातारपणाचा अभ्यास लवकर होतो. २०१५ मध्ये त्याचा जीनोम प्रसिद्ध झाला. २०२० मध्ये स्टॅनफर्डच्या ॲन ब्रुनेट यांच्या गटाने दाखवलं की डायपॉजमध्ये कितीतरी महिने काढलेल्या अंड्यातून निघालेला मासा इतरांइतकाच जगतो. झोपेचा काळ वयात मोजलाच जात नाही.

आता घरी कसं? माझ्याकडे पुण्यातल्या फ्लॅटमधली एक छोटी खोली आहे. लोखंडी अँगलचं रॅक, त्यावर वीस-वीस लिटरचे बारा टँक. गणित करून बघा, नुसतं पाणीच २४० किलो. काच, लोखंड वेगळं. म्हणून रॅक खोलीच्या मध्ये न लावता भिंतीला, बीमच्या बाजूने. सगळ्यांना मिळून एक एअर पंप, पीव्हीसी पाइपमधून प्रत्येक टँकच्या स्पंज फिल्टरला हवा. इतकंच. महागडे फिल्टर, रंगीत लाइट यांची गरज नाही. गरज आहे ती झाकणाची. किली उड्या मारतात, आणि पाइपसाठी ठेवलेल्या बोटभर फटीतूनसुद्धा बाहेर पडतात. फट दिसली की स्पंजचा तुकडा कोंबा.

सुरुवात नोथोने करू नका. फंड्युलोपँकॅक्स गार्डनेराय घ्या. नायजेरिया-कॅमेरूनचा, निळसर अंगावर लाल ठिपके, दोनेक वर्षं जगतो आणि चुका पोटात घालतो. एक नर, दोन माद्या. नर मादीच्या मागे फार लागतो, दोन असल्या की त्रास वाटला जातो. ॲक्रिलिक लोकरीचे वीतभर धागे कापून गठ्ठा बांधा, रंग निघेपर्यंत उकळा, बुचाला बांधून टँकमध्ये तरंगत सोडा. मासे त्यात अंडी घालतात. दोन-तीन दिवसांनी गठ्ठा पिळून उजेडात धरा, दीड मिलिमीटरचे काचेसारखे मणी दिसतील. बोटांनी उचलता येतात, फुटत नाहीत. पांढरं पडलेलं अंडं मेलेलं असतं, ते लगेच काढा, नाहीतर बुरशी शेजारच्यांना धरते. बाकीची उथळ डब्यात, मेथिलिन ब्लूचा अगदी फिका निळा रंग येईल इतकंच पाण्यात. दोन-तीन आठवड्यांत पिल्लं.

हे जमलं की नोथो. मी झांझिबारचा नोथोब्रँकियस गुंथेराय ठेवतो. त्याला तळाला कोकोपीट लागतं. नर्सरीतलं कोकोपीट घ्या, पण खत न मिसळलेलं, आणि पाण्याचा रंग फिका होईपर्यंत उकळून धुवा. एका डब्यात भरून झाकणाला भोक पाडायचं आणि टँकमध्ये ठेवायचं. जोडी आत शिरते, पीटमध्ये घुसून एकेक अंडं घालते. आठवड्या-दोन आठवड्यांनी पीट नेटमध्ये काढून हाताने पिळायचं. किती पिळायचं? तंबाखू मळायला घेतो ना, तितपत ओलं. पाणी गळायला नको, धूळ उडायला नको. मग झिपच्या पिशवीत घालून वर जात, ठिकाण, तारीख. पिशवी कपाटात. साधारण तीन महिने विसरून जायचं.

विसरून म्हणजे अगदीच नाही. अधूनमधून मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून एखादं अंडं बघायचं. आत सोनेरी कडीचा डोळा तुमच्याकडे बघत असेल तर पिल्लू तयार आहे. मला आजही हा फोटो काढताना श्वास रोखावा लागतो.

मग 'पाऊस' पाडायचा. पीट उथळ ट्रेमध्ये टाकून त्यावर क्लोरिन काढलेलं थंड पाणी, १६ ते १८ अंश. पुण्यातही नळाला इतकं थंड पाणी वर्षभर येत नाही, फ्रिजमधलं मिसळा. काही तासांत पापणीच्या केसाएवढी पिल्लं पोहायला लागतात. काही मात्र तळाला सरपटतात, त्यांची हवेची पिशवी फुगलेली नसते. ती बहुधा जगत नाहीत. आणि पीट फेकू नका! पुन्हा पिळा, वाळवा, महिन्याभराने पुन्हा भिजवा. मागे राहिलेली अंडी असतातच.

पिल्लांना पहिल्या दिवसापासून ताजा आर्टेमिया. बाटलीत लिटरभर पाणी, पंचवीस ग्रॅम मीठ, हवेची नळी, एक दिवस. दिवसातून दोनदा खायला द्यायचं, आणि उरलेलं काढायचं. नोथोला मखमल रोग पटकन होतो, अंगावर सोनेरी भुकटी टाकल्यासारखा थर दिसतो. म्हणून त्यांच्या पाण्यात मी लिटरमागे एक ग्रॅम जाडं मीठ ठेवतोच.

आई मला विचारते, "अरे, सहा-आठ महिन्यांत मरणारा मासा कशाला पाळायचा?" प्रश्न बरोबर आहे. तुम्ही मासा पाळत नसता, वंश पाळत असता, आणि त्याची जबाबदारी वेगळी असते. परवाच्या मे महिन्यात आमच्या सोसायटीत दीड दिवस वीज नव्हती. बॅटरीवरचा पंप पहाटे तीनला बंद पडला, खोली ३५ अंशांवर. मी आणि भाऊ आळीपाळीने मगने पाणी वरून ओतत बसलो. गार्डनेराय वाचले. गुंथेरायचे सगळे मोठे मासे सकाळपर्यंत गेले, अकराच्या अकरा. मागे उरल्या कपाटातल्या दोन पिशव्या, आणि तिसरी नाशिकच्या मित्राकडे, फेब्रुवारीत कुरिअरने दिलेली. माझ्या पहिल्या पिशवीतून सगळी सरपटणारीच निघाली. दुसरीतली अंडी तेव्हा अजून तयार नव्हती. मित्राच्या पिशवीतून एकोणीस पिल्लं निघाली, त्यातली आठ त्याने मला परत पाठवली. आत्ता मागे जो बुडबुड्यांचा आवाज ऐकू येतोय, तो त्यांच्याच टँकचा.

म्हणून पिशवीवरचं लेबल महत्त्वाचं. ठिकाण लिहिलेलं नसेल तर तो वंश कुठला हे कायमचं हरवतं. एकाच जातीचे पण वेगळ्या डबक्यांतले मासे एकत्र करायचे नाहीत, दोन ब्रँच चुकून मर्ज झाल्या की इथे 'रिव्हर्ट' नसतं. नोथोच्या माद्या दिसायलाही जवळजवळ सारख्याच असतात, फिक्या, करड्या. दोन जाती एका टँकमध्ये टाकल्या की कुठली मादी कुणाची हे तुम्हीही सांगू शकणार नाही. आणि दुकानदार फक्त रंगीत नर विकत असेल तर घेऊ नका.

दोन गोष्टी राहिल्या. परदेशातून अंडी टपालाने मागवायचा मोह होतो, पाकीट इतकं लहान असतं. पण जिवंत मासे आणि माशांची अंडी आणायला आपल्याकडे आयात परवाना लागतो, तेव्हा देशातल्या शौकिनांकडूनच घ्या. आणि जास्त झालेली पिल्लं कुठल्याही तळ्यात, ओढ्यात सोडू नका. तिथे आधीपासून लिनिएटस राहतो.

आर्टेमियाची बाटली नेमकी कशी बनवायची यावर चार जणांनी विचारलंय, ते पुढच्या भागात. तोवर कुणाकडे गार्डनेरायची अंडी जास्त झाली असतील तर व्हॉइस नोट पाठवा, मागणारे माझ्याकडे आहेत.