सोडत धर्मादाय, मग राबणाऱ्या हातांचं काय?

आज आपण एका अवघड प्रश्नाबद्दल बोलणार आहोत. तो प्रत्येक गटात कधी ना कधी उठतो, पण बैठकीत मांडायला जीभ रेटत नाही. चांगल्या कामासाठी पैसा गोळा करताना जी बाई दिवसभर राबते, तिला त्या पैशातून मजुरी द्यायची का? दिली तर चार जणी म्हणतात, शाळेच्या नावावर स्वतःचं पोट भरलं. नाही दिली तर तिचा रोज बुडतो.

अमेरिकेत या प्रश्नावर थेट कायदे झाले आहेत. तिथे निमित्त होतं ते बिंगो आणि सोडत या दोन खेळांचं. बिंगो म्हणजे आपला तंबोला. कुणी त्याला हाउजीही म्हणतं. आपल्या तंबोल्यात आकडे ९० पर्यंत असतात, त्यांच्या बिंगोत ७५ पर्यंत. बाकी खेळ तोच: आकडा पुकारायचा, तिकिटावर खूण करायची, ओळ भरली की बक्षीस. सोडत तर आपल्या ओळखीचीच. नंबराची कूपनं विकायची आणि डब्यातून चिठ्ठी काढायची.

तिथली चर्च, माजी सैनिकांच्या संघटना, शाळा आणि सेवाभावी संस्था असे खेळ ठेवून निधी जमवतात. खेळ म्हटला की माणसं लागतात. एक जण तिकिटं विकतो, एक आकडे पुकारतो, एक जिंकलेलं तिकीट तपासतो, एक गल्ल्यावर बसतो. शेवटी खुर्च्या उचलून झाडू मारणाराही कुणीतरी लागतोच.

आता यात कायदा कशाला आला? पैसे लावून नशीब आजमावणं म्हणजे जुगार, आणि त्यावर बंधनं असतात. धर्मादाय संस्थांना त्यातून सवलत मिळते ती एकाच अटीवर: जमलेला पैसा सत्कार्याला गेला पाहिजे. समजा, एका रात्री १०,००० रुपये जमले. त्यातले ६,००० बक्षिसांत गेले, १,५०० हॉलच्या भाड्यात आणि २,००० मजुरीत. मग दवाखान्याच्या वाट्याला उरले ५००. फलकावर नाव दवाखान्याचं, पण पोसले गेले दुसरेच. त्यात आकडे पुकारणारा अध्यक्षांचा मेहुणा असेल आणि त्याची ‘मजुरी’ दुप्पट लावली असेल, तर विचारायलाच नको. चोरी न दिसता पैसा बाहेर जाण्याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे मजुरी. म्हणून कायद्याने तिच्यावरच बोट ठेवलं.

कॅलिफोर्निया राज्याने ही वाट बंदच केली. १९७६ साली तिथल्या मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून धर्मादाय बिंगोला परवानगी दिली. त्यासाठी जो कायदा झाला, त्याचा नियम कडक आहे. खेळ संस्थेच्या सभासदांनीच चालवायचा आणि त्याबद्दल पगार, मजुरी किंवा नफा घ्यायचा नाही. घेणारा दोषी आणि देणाराही दोषी. दंड १०,००० डॉलरपर्यंत होऊ शकतो. सूट आहे ती सुरक्षारक्षकांना. त्यांचा पगार खेळाच्या उत्पन्नातून देता येतो. खेळाचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो आणि १८ वर्षांखालच्या मुलांना खेळता येत नाही.

सोडतीसाठी त्याच राज्याचा नियम आणखी सरळ आहे. तिकीटविक्रीतून आलेल्या एकूण रकमेपैकी किमान ९० टक्के सत्कार्यासाठीच वापरायची. म्हणजे शंभरातले नव्वद ठरल्या कामाला, आणि उरलेल्या दहात बक्षीस, छपाई सगळं बसवायचं. कारभारावर याहून जास्त खर्च होणार असेल, तर तो तिकिटांच्या पैशातून नाही, संस्थेने दुसरीकडून करायचा. ब्रिटनमध्ये मात्र संस्थांच्या लहान सोडतींना ही मर्यादा किमान २० टक्क्यांची आहे. त्याचा अर्थ तिथल्या संस्था लबाड आहेत असा नाही. बक्षिसं आणि खर्च यांना किती जागा द्यायची, याचा विचार प्रत्येक समाज वेगळा करतो, एवढाच.

कॅलिफोर्नियाचा नियम ऐकायला छान वाटतो. सगळे सेवाभावाने राबतात, पैसा पुरता कामाला लागतो. पण मैत्रिणींनो, थोडं थांबून विचार करू या. संध्याकाळी चार-पाच तास फुकट कोण देऊ शकतं? ज्याला पेन्शन आहे, ज्याच्या घरी दुसरं कुणी कमावतं, तो. ज्या बाईची चूल रोजंदारीवर पेटते, तिला सेवा करायचीही सोय नाही. शिवाय मजुरी बंद केली म्हणून पैशाची गरज संपत नाही. मग जिंकलेला खेळाडू खुशीने हातावर काही ठेवतो आणि काम करणारा त्या टिपवर अवलंबून राहतो. अमेरिकेच्या कर खात्याने हे ओळखलं आहे. तिथे सोडतीचं बहुतेक सगळं काम बिनमोबदला झालं असेल, तर त्या उत्पन्नावर संस्थेला करात सूट मिळते. पण टिप मिळत असेल, तर ते काम बिनमोबदला धरलं जात नाही. पैसा कोणत्या हातून आला याला महत्त्व नाही. कामाबद्दल आला, म्हणजे मोबदलाच.

या नियमामुळे एक मोठा खटलाही उभा राहिला. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड भागात कबाझोन आणि मोरोंगो या मूळनिवासी जमातींच्या राखीव वस्त्या आहेत. त्यांच्या जमिनीवर उत्पन्नाची साधनं थोडी, म्हणून त्यांनी बिंगो सुरू केला. बक्षिसं मोठी ठेवली आणि काम करणाऱ्यांना पगार दिला. राज्य म्हणालं, आमच्या कायद्यात कामगारांना पगार चालत नाही आणि एका खेळाचं बक्षीस २५० डॉलरच्या वर जाता कामा नये. जमाती म्हणाल्या, हा खेळ आमचा रोजगार आहे आणि आमच्या कारभाराचा पैसाही यातूनच येतो. १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जमातींच्या बाजूने निकाल दिला. राज्याने बिंगोवर पूर्ण बंदी घातलेली नाही, फक्त नियम लावले आहेत. असे नियम राज्याला जमातींच्या जमिनीवर लादता येणार नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं. पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, तिथल्या संसदेने जमातींच्या खेळांसाठी वेगळा कायदा केला. एकाला जी सेवा वाटते, ती दुसऱ्याची भाकरी असते, हे या खटल्यातून दिसतं.

टेक्सास राज्याने दुसरी वाट धरली. तिथे १९८० साली मतदारांनी धर्मादाय बिंगोला परवानगी दिली आणि १९८१ मध्ये कायदा झाला. या कायद्यात आकडे पुकारणारे, रोखपाल, हिशेबनीस, तिकीट विकणारे यांची मजुरी खेळाच्या खर्चात धरता येते. पण त्यांची नावं सरकारी नोंदवहीत असावी लागतात. नोंद करण्याआधी त्यांच्यावर गुन्हे आहेत का ते तपासलं जातं. कामावर असताना ओळखपत्र लावावं लागतं. खेळाच्या पैशाचं खातं इथेही वेगळंच. म्हणजे टेक्सासने मजुरी थांबवली नाही, ती उजेडात आणली.

दोन्ही वाटांना आपापला फायदा आहे आणि आपापली किंमतही. बंदी घातली की दान देणाऱ्याचा पैसा सांभाळला जातो, पण राबणाऱ्याचा घाम हिशेबात येत नाही. परवानगी दिली की घामाला दाम मिळतो, पण वहीवर सतत नजर ठेवावी लागते. आम्हाला दुसरी वाट जवळची वाटते. मजुरी देण्यात पाप नाही. ती लपवण्यात आहे.

आपल्याकडे तर बायकांच्या कामाला ‘सेवा’ म्हणण्याची सवयच आहे. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन, आशाताईंना मिळतो तो मोबदला. पगार हा शब्द कागदावर यायला किती वर्षं लागतात! पण शब्द बदलला म्हणून श्रम बदलत नाहीत. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना ग्रॅच्युइटीचा कायदा लागू होतो, असा निकाल दिला. कागदावर मानधन लिहिलं असलं, तरी हक्क नाकारता आला नाही.

आता एक सावधगिरीची गोष्ट. हे ऐकून कुणी उद्याच कूपनं छापायला जाऊ नका. आपल्या देशात १९९८ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे लॉटरी काढण्याचा अधिकार राज्य सरकारांना आहे. सरकारी नसलेली किंवा सरकारची परवानगी नसलेली सोडत काढण्यासाठी जागा चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. हळदीकुंकवाला बायकांना फुकट चिठ्ठ्या देऊन एकीला साडी देणं वेगळं आणि पैसे घेऊन नंबर विकणं वेगळं. असा काही बेत असेल, तर आधी तालुका विधी सेवा समितीकडे जाऊन विचारा. महिलांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते.

पण निधी काही फक्त सोडतीतून जमत नाही. जत्रेत झुणका-भाकरीचा स्टॉल लावतो, शाळेच्या खोलीसाठी वर्गणी फिरवतो, गटातर्फे पापड-कुरडया विकून एखाद्या आजारी बहिणीला मदत करतो. मजुरीचा प्रश्न तिथेही तोच. म्हणून काम सुरू होण्याआधी, पैसा हातात येण्याआधी, बैठकीत पाच गोष्टी ठरवून इतिवृत्तात लिहा.

पहिली, कुणाला मोबदला मिळणार आणि कुणाला नाही. ज्या स्वखुशीने सेवा देणार असतील, त्यांचंही नाव लिहा. दुसरी, किती. गावातल्या त्या कामाचा चालू रोज धरा. त्याहून जास्त नको आणि लाजेखातर कमीही नको. एसटीचं भाडं आणि जेवण ही मजुरी नव्हे, तो झालेला खर्च आहे. तो प्रत्येकीला द्या. तिसरी, मजुरी कामाच्या वेळेवर ठरवा, जमलेल्या पैशाच्या हिश्श्यावर नको. हिस्सा ठेवला, की विकणारी बाई नको असलेल्या गरिबाच्याही गळ्यात कूपन मारते. चौथी, जिला मोबदला मिळणार तिने किंवा तिच्या घरच्यांनी तो ठरवू नये. त्या विषयापुरतं तिने बाजूला बसावं. पाचवी, देणाऱ्यांना हिशेब दाखवा. शंभर रुपयांतले किती कामाला गेले, किती खर्चाला आणि किती मजुरीला, हे कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

हिशेब असा उघडा असला, की कूपन घेणाऱ्याला शंका राहत नाही आणि राबणारीला संकोच वाटत नाही. ज्या आजारी बहिणीसाठी पैसा जमवला, तिलाही कळतं की तिच्या नावावर कुणाची फुकट राबवणूक झाली नाही. पुढच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा आणि मागच्या कार्यक्रमात कोण किती राबलं ते आठवून वहीत लिहा. ज्यांची नावं आजवर कुठल्याच पानावर आली नाहीत, त्यांच्यापासून सुरुवात करा.