आयर्लंडचा बटाटा आणि आपली ज्वारी

भगिनींनो, अकोला-वाशीम रस्त्यावरच्या मेडशीहून आयर्लंड हजारो कोस दूर. पण तिथली जुनी रांधप ऐका. उकडलेल्या बटाट्यात शिजवलेला कोबी घोटायचा, मध्ये खळगा करून लोणी सोडायचे. याचे नाव कोलकॅनन. गरिबाघरी नुसता बटाटा नि ताक. आपल्या कण्या घातलेल्या अंबाडीच्या भाजीशी नाते जवळचेच! (चवीला अंबाडीच सरस, ही गोष्ट वेगळी.)

तिथल्या गोरगरिबांची सारी भिस्त बटाट्यावर, तीही बहुतेक ‘लंपर’ या एकाच वाणावर. दुसरे धान्य पिके, पण ते जमिनीचा खंड भागवण्यात जाई. १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. पुढच्या सहा-सात वर्षांत सुमारे १० लाख माणसे दगावली. तितकीच देश सोडून गेली.

आज आपल्या शिवारात खरिपाला सोयाबीनच सोयाबीन. पैसा येतो, पण भाकरीची ज्वारी विकत, कडबाही विकत. यंदा पेरणीआधी घरात विषय काढाच. खाण्यापुरती ज्वारी, धुऱ्याला अंबाडी एवढे तरी हवे.

अंबाडी उकडून आंबट पाणी पिळून टाका. तुरीची डाळ नि ज्वारीच्या कण्या घालून मऊ शिजवा, घोटा. वरून लसणाची फोडणी सढळ हाताने द्या.