मँगनीजची निवळी

सौसर गाव लहान, पण भूविज्ञानाच्या पुस्तकांत त्याचे नाव मोठे आहे. सौसर-पांढुर्ण्यापासून नागपूर, भंडारा, बालाघाटकडे पसरलेल्या मँगनीजयुक्त प्राचीन खडकांना ‘सौसर समूह’ म्हणतात. गोंडांवरून एका खडकाला ‘गोंडाइट’ हे नाव एल. एल. फर्मर यांनी दिले. नावे जगभर गेली. त्या काळ्या दगडाचे पुढे काय होते, हे मात्र घरी मराठी बोलणाऱ्या आणि शाळेत हिंदीतून शिकणाऱ्या आपल्या मुलांना मराठीत क्वचितच ऐकायला मिळते.

चांगले खनिज पोलादाच्या कामी जाते. हलक्या खनिजात सिलिका आणि लोह फार. ते भट्टीला परवडत नाही. मग दगड दळून कोळशाबरोबर तापवतात. त्यातला थोडा ऑक्सिजन निघून जातो आणि उरलेला मँगनस ऑक्साइड सौम्य गंधकाम्लात विरघळतो. कोशात याला ‘निक्षालन’ म्हणतात. मी वर्गात चिंच कोळण्याचे उदाहरण देतो: कोळ घ्यायचा, चोथा टाकायचा. कोळाबरोबर थोडे लोहही उतरते. चुन्याने आम्लता कमी करून हवा खेळवली की ते तळाशी बसते आणि वर मँगनीज सल्फेटची निवळी राहते. ‘निवळी’ हा शब्द आपल्याकडे होताच. तो कोणाला घडवावा लागला नाही.

या निवळीत वीज सोडतात. धातू ऋणाग्रावर जमतो, हे शाळेत शिकलेले असते आणि शुद्ध मँगनीज धातू तसाच मिळवतात. पण द्राव आम्लयुक्त, ९५ अंशांच्या आसपास तापलेला असेल तर मँगनीज उलट धनाग्रावर डायऑक्साइड होऊन बसते आणि ऋणाग्रावर हायड्रोजन सुटतो. दुधाच्या भांड्याची खरवड काढावी तसा तो काळा थर काढून, धुऊन, दळून बॅटरीसाठी वापरतात. द्रावात आम्ल पुन्हा तयार होते. ते पुढच्या घाण्याला चालते. भंडारा जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग येथे मॉयलने असे डायऑक्साइड बनवणारा कारखाना उभारला.

खर्च विजेचा. १ टन डायऑक्साइडला किमान ६.१७ लाख अँपिअर-तास लागतात. अडीच व्होल्ट धरले तर दीड हजारांवर युनिट. शिवाय चोथा उरतोच. त्यात अडकलेले मँगनीज सल्फेट पाण्यात विरघळते, आणि ढीग उघड्यावर राहिला तर पावसाळ्यात ते विहिरीपर्यंत पोचू शकते.