तंबू, शीड आणि पतंग : किनाऱ्याच्या सफरीत कापडाचा धंदा

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतली तरुण मंडळी सुटी पडली की आता नुसती हॉटेलात जाऊन बसत नाहीत. गाडीत तंबू टाकून निघतात. एक रात्र जंगलाच्या कडेला, दुसरी समुद्रकाठी. ज्यांच्या खिशाला झेपते ते थेट गोव्यात मोरजीपर्यंत जातात आणि मोठ्या पतंगाला स्वतःला बांधून घेऊन फळीवर उभे राहून लाटांवरून धावतात. या खेळाला काइटसर्फिंग म्हणतात. आम्ही पडलो कापडवाले. लोक दर्या पाहतात, आमची नजर शिवणीवर जाते. या साऱ्या सफरीत जागोजागी कापडच कामाला येते, आणि ते शिवणारे हात आपल्याच मोहल्ल्यांत आहेत, म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेतला आहे.

आधी रस्ता. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे असून ते पलीकडे मुलुंड-ठाण्यापर्यंत पसरले आहे. एवढे जंगल दाराशी असले तरी तिथे बिबट्यांची वस्ती आहे, मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. म्हणून मंडळी दक्षिणेकडे वळतात. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि पनवेल-पेणचा वळसा टळला. मांडव्याहून अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद आणि पुढे मुरूड. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र.

या डोंगरांत फणसाडचे अभयारण्य आहे. हे जंगल म्हणजे जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे शिकारीचे राखीव रान. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले. झाडांवर चढलेल्या गारंबीच्या अजस्र वेली आणि शेंड्याशेंड्यांवरून उड्या मारणारा शेकरू इथे पाहायला मिळतो. नवाबांनी शिकारीसाठी राखले म्हणून ते आजवर टिकले, हा योगायोग आम्हाला मोठा गमतीचा वाटतो. इथून खाली राजपुरीला उतरले की जंजिरा किल्ल्याकडे जाणाऱ्या शिडाच्या होड्या दिसतात. वाऱ्याने फुगलेले शीड जवळून पाहावे. कापड किती जाड, कडेला दोर कसा शिवला आहे, कोपऱ्याला किती पदर दिले आहेत, हे सारे तिथे उघड्यावर दिसते.

आता मुद्द्याचे. आयात-निर्यातीच्या मालाला जगभर जे क्रमांक दिलेले असतात त्यांत ६३०६ या एकाच क्रमांकाखाली ताडपत्री, तंबू, होड्यांची शिडे आणि छावणीचे सामान येते. जकातवाल्यांनी ज्यांना एका घरात बसवले ते आपल्याकडे मात्र एकमेकांना ओळखत नाहीत. ताडपत्रीवाला वेगळा, मंडपवाला वेगळा, होडीचे शीड शिवणारा त्याहून वेगळा. खरे पाहता हुन्नर एकच आहे. वाऱ्या-पावसाचा ताण सोसणारे जाड कापड असे शिवायचे की ते शिवणीवर फाटू नये.

फरक पडला आहे तो कापडात. जुन्या सुती कॅनव्हासचा गुण असा की भिजला की सूत फुगते आणि सुईची भोकेसुद्धा आपोआप मिटतात. पण तो जड, आणि ओला गुंडाळून ठेवला की त्याला बुरशी धरते. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीने त्याचे गिऱ्हाईक पळवले आणि कॅनव्हास शिवणारे कितीतरी कारीगर रिकामे झाले. गाडीत जाणारा आजचा तंबू नायलॉनचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. त्याच्या विणीत थोड्या थोड्या अंतरावर जाड धागा उभा-आडवा घातलेला असतो, त्यामुळे बारीक चौकटी दिसतात. कापड फाटलेच तर फाट त्या जाड धाग्याशी अडते. याला रिपस्टॉप म्हणतात. आतून पाणी अडवणारा लेप असतो. इथे सुईचे भोक मिटत नाही, म्हणून शिवणीवर आतून गरम हवेने पट्टी चिकटवावी लागते. ही पट्टी निघाली की तंबू गळू लागतो आणि गिऱ्हाईक म्हणते, कापड खराब निघाले. कापड बहुधा चांगलेच असते.

पतंगाचेही तसेच. फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या लेगैन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या कडेच्या पतंगाचे पेटंट मागितले. पाण्यात पडला तरी हा पतंग तरंगतो आणि पुन्हा उडवता येतो. यातूनच खेळ वाढत गेला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याच्या शर्यती झाल्या. हा पतंग ९ ते १२ चौरस मीटरचा, म्हणजे चाळीतल्या लहान खोलीएवढा. पोट रिपस्टॉपचे, पुढची कड जाड विणीच्या पॉलिएस्टरची आणि तिच्या आत हवेची नळी. संक्रांतीचा कागदी पतंग बनवणाऱ्या अहमदाबादच्या जमालपुरातल्या कारीगरांना हे सांगितले तर ते हसतील, पण वाऱ्याचा ताण कामटीवर कसा येतो हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे?

तंबू किंवा पतंग नव्याने बनवून बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाशी टक्कर घ्यावी, असे आम्ही कोणाला सांगणार नाही. त्यात भांडवल बुडेल. दुरुस्तीत मात्र जागा आहे. खारी हवा धातूची चेन खाते, ऊन नायलॉन कुजवते आणि वाळू पट्टा झिजवते. किनाऱ्यावरच्या एका छावणीवाल्याने आम्हाला सांगितले की, चेन अडकली की तो अख्खा तंबू बाजूला टाकतो, कारण दुरुस्त करणाराच मिळत नाही. कापड शाबूत आणि तंबू भंगारात! चेन बदलायला एक कारीगर आणि अर्धा दिवस पुरतो. चेन बदलताना ती प्लॅस्टिकच्या दातांची घालावी, पितळेची नको.

यासाठी नागमोडी टाका घालणारे यंत्र, पॉलिएस्टरचा पक्का दोरा, बारीक सुई आणि पट्टी चिकटवायचे गरम हवेचे अवजार लागते. सुती दोरा अजिबात वापरू नये, खाऱ्या दमटपणात तो कापडाच्या आधी कुजतो. पतंगाचे काम शेवटी घ्यावे. त्याच्या दोऱ्यांवर माणसाचा जीव लटकलेला असतो, म्हणून हात बसल्याशिवाय त्याला सुई लावू नये.

हंगामही जुळतो. उपनगरांतल्या ताडपत्रीवाल्यांना एप्रिल-मेमध्ये मान वर करायला सवड नसते. छप्परे झाकून झाली की जूनच्या मध्यापासून यंत्रे थांबतात आणि कारीगर गावाकडे निघतात. नेमक्या त्याच वेळी समुद्र खवळतो, मोरजीचा खेळ थांबतो, किनाऱ्यावरच्या छावण्या उठतात आणि सगळे तंबू गोदामात येऊन पडतात. मालकांना ते ऑक्टोबरात धडधाकट हवे असतात. ज्याला हे काम धरायचे आहे त्याने मे संपण्याआधी मांडव्याची बोट पकडावी आणि अलिबाग ते मुरूडच्या छावणीवाल्यांना एकदा भेटून यावे. सोबत दुरुस्त केलेला एक तंबू नमुन्यादाखल न्यावा.