दीर्घ पल्ल्याच्या हवाई प्रवाशांसाठी विश्रामकक्षांची रचना : सिंधुदुर्गच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

विमानतळावरील विश्रामकक्ष, म्हणजे रूढ भाषेत लाउंज, ही संकल्पना नवी नाही. अमेरिकन एअरलाइन्सने १९३९ साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर असा कक्ष सुरू केला. प्रारंभी तो निवडक पाहुण्यांचा मान होता. पुढे तो बहुधा महागडे तिकीट अथवा विशिष्ट कार्ड बाळगणाऱ्यांची सोय बनला. विश्रांतीची गरज मात्र तिकिटाच्या दरावर अवलंबून नसते. ती प्रवासाच्या लांबीवर ठरते. या दृष्टीने प्रस्तुत लेखात विश्रामकक्षाच्या रचनेचा विचार केला आहे.

सिंधुदुर्गातील प्रवाशाची स्थिती

वेंगुर्ले तालुक्यातील चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. जिल्ह्याच्या सीमेलगत मोपा येथील विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून वाहतूक सुरू झाली. तरीही परदेशी जाणाऱ्या अनेकांना मुंबई गाठावी लागते. मालवणला रेल्वेस्थानक नाही. कुडाळ किंवा कणकवलीहून रात्रीच्या गाडीने निघालेला प्रवासी पहाटे मुंबईत उतरतो. त्याचे विमान मध्यरात्रीनंतरचे असल्यास संपूर्ण दिवस मध्ये जातो. मुलीच्या बाळंतपणासाठी प्रथमच परदेशी निघालेली वृद्ध आई विमानात बसण्यापूर्वीच थकलेली असते. सामान स्वीकारण्याची वेळ होईपर्यंत तिला टेकायला जागा नसते, कारण बहुतेक विश्रामकक्ष सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतात.

शारीरिक गरजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालानुसार चार तास वा अधिक काळ बसून केलेल्या प्रवासानंतर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुपटीने वाढतो. हे विमानाप्रमाणेच रेल्वे व बसलाही लागू आहे. धोका मुळात अल्प असला तरी वृद्धांच्या बाबतीत तो दुर्लक्षिता येत नाही. रात्रीचा प्रखर पांढरा प्रकाश झोप आणणाऱ्या मेलाटोनिन या संप्रेरकाची निर्मिती रोखतो. विमानातील हवा अत्यंत कोरडी असल्याने पुरेसे पाणी पिऊन निघणे हितावह ठरते.

रचनेची तत्त्वे

या गरजांतून रचनेची काही सूत्रे निघतात. पाय लांब करता येतील अशी, मध्ये हात नसलेली आसने असावीत. फेरफटका मारण्यास मोकळी वाट, पिण्याचे पाणी व जवळच स्वच्छतागृह असावे. झोपण्याच्या भागात मंद, पिवळसर प्रकाश असावा. उद्घोषणा तेथे ऐकू येऊ नयेत, मात्र विमानाची वेळ दर्शविणारा मराठी फलक दिसावा.

अशा विभागणीचा वस्तुपाठ कोकणातील घरात आढळतो. खळे, पडवी, ओटी आणि माजघर या क्रमाने वर्दळ घटत जाते व निवांतपणा वाढतो. विश्रामकक्षातही प्रवेशाजवळ भोजन व संभाषण, मध्ये वाचन आणि सर्वांत आत निद्रा असा क्रम ठेवल्यास भिंती न वाढवताही शांतता साधता येते.

समारोप

विश्रामकक्षाची शोभा गालिचा व खाद्यपदार्थांवरून मोजली जाते. त्याची उपयुक्तता मात्र थकलेल्या माणसाला मिळालेल्या झोपेवरून ठरावी. सुरक्षा तपासणीपूर्वी, सर्वांना परवडेल असा एक साधा कक्ष उपलब्ध झाल्यास गावाहून आलेल्या प्रवाशाचा पुढचा प्रवास खऱ्या अर्थाने सुसह्य होईल.